चष्म्याची काडी निखळली, नवा येईपर्यंत काय करू?

निळी छत्री
चष्मा पुसताना उजवी काडी हातातच आली. बिजागरीचा स्क्रू कुठे उडाला देव जाणे, टॉर्च घेऊन फरशी पालथी घातली तरी सापडला नाही. फ्रेम धातूची, पूर्ण रिमची. काचा शाबूत आहेत. नंबर उणे सहा, वर सिलिंडर, म्हणजे एका ठरावीक दिशेतच लागणारा जादाचा नंबर. नवा चष्मा करायला टाकलाय, पण काचा यायला वेळ लागणार आणि जादाचा चष्मा नाही. घरात सुपरग्लू आहे. बिजागरी सरळ चिकटवून टाकू का? काडी मिटली नाही तरी माझी हरकत नाही.

खटपट्या
सुपरग्लूला हात लावू नका. टूथपिक घ्या. काडी आणि फ्रेमची भोकं एका रेषेत आणा, टूथपिकचं टोक वरून घालून घट्ट होईपर्यंत पिळत दाबा, दोन्हीकडचं उरलेलं नेलकटरने उडवा. काडी मिटतेसुद्धा. लाकूड झिजून सैल पडतं, तेव्हा दोन-चार टूथपिक खिशात ठेवा.

शेवटचा बाक
माझं मत तारेला. नव्या चार्जरच्या वेटोळ्याला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी असते ना, तिच्या आत बारीक तार असते. प्लॅस्टिक सोलून तार भोकांतून ओवा आणि टोकं बाहेरच्या बाजूला पिळा. आतल्या बाजूला पिळलीत तर कानशिलाला बोचत राहतील. स्टेपलरची पिन सरळ करूनही चालते, पण ती दोन-तीनदा वाकवली की तुटते.

निळी छत्री
सुपरग्लूला सगळेच नाही म्हणताहेत, पण कारण कुणी सांगेल का? काचेला न लावता फक्त बिजागरीला लावलं तर?

काचकाम
चष्म्याच्या दुकानात काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

सुपरग्लू सुकताना त्याची वाफ निघते आणि जवळच्या काचेवर पांढरट थर होऊन बसते. काचेला थेंबही लागला नाही तरी हे होतं. तो थर काढायला लोक नेलपॉलिश रिमूव्हर वापरतात. त्यात ॲसिटोन असेल तर ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची फ्रेम विरघळते आणि पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची काच खराब होते. शिवाय हा गोंद सुकला की ठिसूळ होतो आणि बिजागरीवर तर सतत ताण असतो, म्हणजे तो सुटणारच. मग स्क्रूच्या आट्यांत भरलेला गोंद कोरत बसायचं काम आमच्याकडे येतं. जे स्क्रू घालून मिनिटभरात झालं असतं, त्यासाठी कधीकधी फ्रेमच बदलावी लागते. बांधलेलं सोडता येतं, चिकटवलेलं नाही. घरी काहीही करताना एवढं पाहा.

तुमच्यासाठी तार उत्तम. ती नसेल तर नायलॉनचा दोरा किंवा दातांचा फ्लॉस भोकांतून जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा ओवून गाठ मारा. बिजागरीच्या शेजारी रिमचा आणखी एक स्क्रू असतो. त्याला हात लावू नका. तो सुटला की काच बाहेर येते. फ्रेम गोल असेल आणि काच बसवताना फिरली तर सिलिंडरचा अक्ष, म्हणजे त्याची दिशा, हलतो. ३० अंश फिरली तर उरलेला दोष मूळ सिलिंडरइतकाच भरतो, म्हणजे ते सिलिंडर असून नसल्यासारखं.

बांधून झालं की आरशात पाहा, दोन्ही काचा एका पातळीत आहेत का. उणे सहाच्या काचेचा मध्य ५ मिलिमीटर सरकला तर ३ प्रिझमचा फरक पडतो (काच प्रकाश किती बाजूला वळवते त्याचं हे माप). आडवा असेल तर डोळे थोडंफार सांभाळून घेतात, वर-खाली असेल तर डोकं धरतं. एक काडी लोंबत राहिली की नेमकं हेच होतं.

पाचवा मजला
उणे सहावाल्यांना एक फायदा आहे बरं का. चष्म्याशिवाय साधारण १६-१७ सेंटीमीटरवरचं बऱ्यापैकी नीट दिसतं, तेव्हा बिजागरी डोळ्यांजवळ धरून स्वतःच दुरुस्त करता येते. अधिक (प्लस) नंबरवाल्यांना दुसऱ्याची विनवणी करावी लागते, मी त्यातलाच. लांबचं काही वाचायचं असेल तर फोनचा कॅमेरा चालू करून स्क्रीन जवळ धरा. आणि अगदीच काही नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून बघा. अंधुक दिसेल, पण अक्षरं लागतात.

स्क्रू शोधायला व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर पातळ मोजा ताणून बांधा आणि फिरवा. लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका, स्टेनलेसचा स्क्रू त्याला चिकटेलच असं नाही.

गडबडगुंडा
चर्चेचा धागा माझ्याकडे पळवतोय, माफ करा. माझी प्लॅस्टिकची फ्रेम नाकावर मधोमध तुटली आहे. बिजागरीच नाही तर ओवू काय?

काचकाम
ही सगळ्यात अवघड जागा. दोन्ही तुकडे नीट जुळवा, मागून काडेपेटीतल्या काडीचा लहान तुकडा आडवा ठेवा आणि दोऱ्याने घट्ट गुंडाळा. वरून पातळ चिकटपट्टी, नाकाला दोरा घासू नये म्हणून. गोंदच हवा असेल तर काचा आधी काढा, मग दोन भाग मिसळायचा एपॉक्सी वापरा आणि पाकिटावर लिहिलंय तितका वेळ हलवू नका. फ्रेम लवचीक नायलॉनची असेल तर तोही धड धरत नाही. काच काढायला फ्रेम कोमट पाण्यात धरा, उकळतं पाणी नको. प्लॅस्टिकची काच आणि तिच्यावरचा लेप उष्णतेने सारखे फुगत नाहीत, त्यामुळे लेपाला बारीक जाळीदार भेगा पडतात.

शेवटचा बाक
आणि हा चष्मा लावून गाडी चालवू नका, दोघांनाही सांगतोय.

पाचवा मजला
अर्ध्या रिमच्या फ्रेमची काच सुटली तर? काच खालून धरणारा दोरा शाबूत आहे.

काचकाम
काच वरच्या रिममध्ये बसवा. दोऱ्याखालून सॅटिनची अरुंद फीत घाला, फितीने दोरा ओढत काचेच्या कडेच्या खाचेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत न्या, शेवटी फीत ओढून काढा. दोरा तुटला असेल तर घरी काही होणार नाही. आणि खऱ्या काचेची भिंग तडकली असेल तर ती घालूच नका, कपच्या डोळ्यात जातात.

निळी छत्री
तार घातली, टोकं बाहेर पिळून वर चिकटपट्टी लावली. टिकलंय. पण मिटताना काडी थोडी वर-खाली हलते, ते थांबवता येईल का?

काचकाम
तार भोकाला बारीक पडतेय. तीच दुहेरी करून ओवा. आणि नव्या चष्म्याचे स्क्रू घट्ट करून झाले की त्यांच्या डोक्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका द्या, काचा झाकून. सहसा सुटत नाहीत, आणि काढायचे म्हटलं तर पेचकसाने निघतात.