शब्दचर्चा: ‘अग्निप्रक्रिया’ हा शब्द चालेल का?

प्रश्न: अणुभट्टीतून काढलेले धातुरूप इंधन पुन्हा वापरता यावे म्हणून त्यावर उच्च तापमानात जे ‘पायरोप्रोसेसिंग’ करतात, त्याला ‘अग्निप्रक्रिया’ म्हणता येईल का? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अग्नी असाच आहे.

उत्तर: व्युत्पत्ती बरोबर आहे, पण या शब्दाने वाचकाची दिशाभूल होईल. या प्रक्रियेत काहीही जळत नाही. उलट धातूला ऑक्सिजन लागू नये म्हणून अमेरिकेतील आयडाहो येथे, ईबीआर-2 या अणुभट्टीलगत, हे काम आर्गॉन वायूने भरलेल्या बंदिस्त दालनात बाहेरून यंत्रे चालवून केले जाई. म्हणून मी ‘उच्चतापी पुनर्प्रक्रिया’ सुचवतो. त्याच कारणाने ‘जळालेले इंधन’ न म्हणता ‘वापरलेले इंधन’ म्हणावे.

मात्र या नावाखाली दोन वेगळ्या कृती येतात. 1964 ते 1969 या काळातील कृतीला आपल्या सोनारांचा ‘आटणी’ हा शब्द नेमका बसतो. इंधनाच्या कांड्यांवरचे पोलादी वेष्टन काढून त्याचे तुकडे झिर्कोनियाच्या (म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडच्या) मुशीत सुमारे 1400 अंश सेल्सिअसला काही तास वितळवत. तेव्हा बाष्पनशील द्रव्ये उडून जात, सिरियमसारखी मूलद्रव्ये मुशीतील ऑक्सिजनशी संयोग पावत, आणि रस ओतून घेतल्यावर मुशीला एक कवच चिकटून राही. इंग्रजीत त्याला ‘कवटी’ या अर्थाचा शब्द आहे, पण दुधाचे पातेले घासणाऱ्या कोणालाही ‘खरवड’ लगेच कळेल. मॉलिब्डेनम, रुथेनियम वगैरे अणुविखंडनात तयार होणारे धातू युरेनियममध्येच राहत आणि त्यांच्या समूहाला ‘फिसियम’ म्हणत. हे मूलद्रव्याचे नाव नव्हे, हे भाषांतरकाराने आवर्जून सांगावे.

दुसरी कृती 1996 पासूनची, विद्युत्‌शुद्धीकरणाची. तुकडे केलेले इंधन धनाग्राच्या टोपलीत ठेवून ती 500 अंशांच्या द्रवात बुडवतात आणि युरेनियम पोलादी ऋणाग्रावर काटेरी स्फटिकांच्या रूपाने जमते.

पुढचा प्रश्न: त्या द्रवाला ‘वितळलेला क्षार’ म्हणावे का?

उत्तर: आपल्या शालेय पुस्तकांत आम्ल, आम्लारी आणि क्षार अशी त्रयी असल्याने ते चूक नाही. पण हिंदीत ‘क्षार’ आम्लारीच्या अर्थाने येतो आणि मराठीतही ‘क्षारधर्मी’मुळे घोटाळा होतो, तर ‘मीठ’ म्हटले की स्वयंपाकघर आठवते. हा द्रव म्हणजे लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड यांचे मिश्रण. दोन्ही स्वतंत्रपणे 600 अंशांच्या वर वितळतात, योग्य प्रमाणात एकत्र आली की 355 अंशांच्या आसपासच. त्यासाठी ‘वितळलेले लवण’ हाच शब्द मी वापरीन.