सोलापुरी चादरीवरच्या फुलाचे पायमोजे विणायचेत, ग्राफ कसा बसवायचा?

सुलटउलट (सोलापूर)

नमस्कार मंडळी. स्वेटर, टोपी, मफलर असलं सगळं आईकडून शिकलेय, हात बसलेला आहे, पण पायमोजे कधी विणले नाहीत कारण सोलापुरात लोकरीचे मोजे घालणार कोण, इथं मार्च लागला की पायात चप्पलसुद्धा गरम होते. आता धाकटा भाऊ शिकायला जर्मनीला गेलाय, जाताना घरची चादर घेऊन गेला आणि व्हिडिओ कॉलवर बघावं तेव्हा पाय त्यात गुंडाळून बसलेला असतो. म्हणून मनात आलंय की त्याच चादरीवरचं फूल घेऊन त्याला मोजे विणायचे, आणि वरच्या बाजूला लुगड्याला असतो तसा करवती काठ. कुणाचा तयार पॅटर्न नकोय, डिझाईन माझंच पाहिजे.

आतापर्यंत काय केलंय ते सांगते. चौकटीच्या वहीत फूल काढलं, २१ घरं रुंद आणि २१ घरं उंच. घरातल्या ३ प्लाय अॅक्रिलिकमध्ये मरून आणि पांढरा घेऊन १२ नंबरच्या सुईवर नमुना विणला, १० सेंमीत ३२ टाके आणि ४० ओळी येतायत. पण वहीत गोल दिसणारं फूल विणल्यावर बसकं दिसतंय, वरून कुणी दाबल्यासारखं. दुसरं म्हणजे नेटवर सगळीकडे मोज्याला ६४ टाके घाला म्हणतात, आणि ६४ मध्ये २१ चं फूल काही बसत नाही, एक टाका उरतोच. भावाच्या पायाचा घेर चवड्याजवळ २४ सेंमी आहे.

टाच कशी करायची म्हणजे नक्षी तुटणार नाही? आणि काकांच्या कारखान्यात चादरीचं सूत पडलेलं असतं, ते वापरलं तर चालेल का? रंग अगदी तेच मिळतील म्हणून विचारतेय.

लोकरवेडी (नाशिक)

ताई आधी ६४ डोक्यातून काढून टाका. ६४ हा कुणाच्यातरी पायाचा, कुणाच्यातरी सुईचा आकडा आहे, तुमच्या भावाचा नाही. स्वेटरला आपण छाती मोजतो, नमुना विणतो, मग टाके ठरवतो, इथंही तेच. आणि टाके ठरल्याशिवाय फुलाचं चित्र काढायचंच नाही, चित्र टाक्यांच्या मागून येतं.

मोजा पायापेक्षा थोडा लहान विणायचा असतो नाहीतर तो घसरून चपलेत गोळा होतो. एकरंगी मोज्याला साधारण १० टक्के कमी घेतात. पण दोन धाग्यांच्या नक्षीत मागे धागे आडवे गेलेले असतात त्यामुळे ते कापड ताणत नाही फारसं, तिथं ५ टक्के पुरे. २४ चे ५ टक्के कमी म्हणजे २२.८ सेंमी, तुमच्या १ सेंमीत ३.२ टाके, गुणाकार केला की ७३ च्या आसपास. ७२ घ्या. ७२ सारखा आकडा नाही बघा, ४, ६, ८, ९, १२, १८, २४ सगळ्यांनी भाग जातो. करवती काठाचा एक दात ६ टाक्यांचा केलात तर १२ दात बरोब्बर बसतात, आणि फुलाला १८ टाके दिले की पायाभोवती चार फुलं. त्या १८ मधले १७ फुलाचे आणि १ मधल्या मोकळ्या रेघेचा. १७ अशासाठी की विषम आकडा असला की फुलाला मधला टाका मिळतो, दोन्ही बाजूला आठ-आठ पाकळीचे, नाहीतर फूल एका अंगाला कललेलं दिसतं.

पाऊल विणताना ३६ टाके वर आणि ३६ तळव्याला. वरच्या ३६ वर दोन फुलं शेजारी ठेवण्यापेक्षा एक अख्खं मधोमध आणि दोन्ही कडांना अर्धं-अर्धं ठेवा, नजर मधल्या फुलावर जाते आणि कडा तळव्याकडे वळून जातात. तळव्याला मात्र फूल नको, एक टाका मरून एक पांढरा असं आलटून पालटून घ्या, पुढच्या ओळीत उलट. धागे मागे लांब राहत नाहीत आणि तळवा जाड होतो, चालताना झिजायला वेळ लागतो.

आता एक विचारते, नमुना तुम्ही सरळ ये-जा करून विणलात का? म्हणजे एक ओळ सुलट एक उलट? मोजा गोल विणला जातो, त्यात सगळे टाके सुलट. बऱ्याच जणींचा हात उलट टाक्याला सैल असतो आणि मग नमुन्याचं माप आणि मोज्याचं माप जुळत नाही. गोल सुईवर नमुना घ्या, प्रत्येक ओळ उजवीकडूनच सुरू करा आणि धागा मागून लांब सोडून आणा, मग मोजा.

आणखी एक माप राहिलंय. टाचेच्या टोकापासून घोट्याच्या पुढून तिरका घेर मोजायला सांगा भावाला, तो चवड्यापेक्षा बराच जास्त असतो, ३० च्या वर सहज जातो. नक्षीचा भाग त्या जागेवरून चढला पाहिजे. नमुना हातात धरून ताणून बघा, २२ चं कापड तिथपर्यंत जातंय का. नाही गेलं तर पोटरीचा भाग एक सुई जाड घेऊन विणा. हे बघितलं नाही तर मोजा दिसायला सुंदर होतो आणि पायात जात नाही.

पंचकार्ड (सोलापूर, अक्कलकोट रोड)

तुमच्या बसक्या फुलाचं कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं म्हणून लिहितोय, सुयांचं मला काही कळत नाही. माझे वडील जॅकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, ग्राफ काढायचे, मी लहानपणी त्यांच्याशेजारी बसून घरं रंगवलीत. चादरीचं डिझाईन चौकोनी घरांच्या वहीत काढतच नाहीत. उभे धागे इंचाला किती आणि आडवे किती यावरून कागद निवडतात, ८ बाय ८, ८ बाय १०, ८ बाय १२ असे कागद असतात. ८ बाय १० म्हणजे एका मोठ्या चौकोनात आडवी ८ घरं आणि उभी १०, म्हणजे एकेक घर रुंद जास्त, उंच कमी. त्यावर काढलेलं फूल मागावर आल्यावर गोल दिसतं कारण कापडातलं घरही तसंच असतं.

तुमचा हिशेब बघा, १० सेंमीत ३२ टाके आणि ४० ओळी. ३२ ला ४० म्हणजेच ८ ला १०. तुमच्या विणीला वडिलांचा ८ बाय १० चा कागद जसाच्या तसा लागू पडतो! तुम्ही २१ ला २१ घेतलं म्हणून फूल बसलं. लोकरवेडी ताई म्हणतात तसं १७ टाके रुंद घेतलं तर उंचीला १७ च्या सव्वापट म्हणजे २१ ओळी द्या, गोल येईल. तुमची २१ उंची राहू द्या, रुंदीच कमी करायची आहे, अर्धं काम झालेलंच आहे की. कागद आता बाजारात सहज मिळत नाही, पण कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये रकान्याची रुंदी आणि ओळीची उंची पिक्सेलमध्ये ५ ला ४ ठेवली की तोच कागद तयार होतो, प्रिंट काढा आणि पेन्सिलीनं भरा.

गोलाई काढताना वडील एक गोष्ट सारखी सांगायचे. पाकळीची कड एकदम तीन घरं उडी मारून नेऊ नका, तीन, दोन, एक, एक, मग उभी दोन, तीन अशी उतरवत न्या, म्हणजे लांबून रेघ वळलेली दिसते. आणि एकटं पडलेलं घर ठेवायचं नाही, कापडात ते डिझाईन वाटत नाही, डाग वाटतो. कागद भिंतीला लावून पाच-सहा पावलं मागे जाऊन बघा, जवळून सगळंच छान दिसतं.

लांब सुटलेला धागा हा चादरीतही दोषच धरतात, बांगडी अडकते, नख अडकतं. मोज्यात तर आतून पायाची बोटं अडकणार. तुमच्या फुलाच्या मध्यावर एकाच रंगाची सात-आठ घरं सलग असतील तर तिथं दुसऱ्या रंगाचं एखादं बी टाका, कमळाच्या मधे असतं तसं. मागचा धागा आपोआप बांधला जातो आणि डिझाईनही भरतं.

सुताचं म्हणाल तर चादरीचं सूत नका घेऊ. ते मागावर ताण सोसायला कातलेलं असतं, हातात कडक लागतं आणि ताणलं की परत जागेवर येत नाही, मोजा दुपारपर्यंत घोट्यावर उतरेल. रंग जुळवायला नमुन्याचा तुकडा म्हणून जवळ ठेवा.

सुलटउलट

दादा खरंच लई मोठं काम केलंत, मी वहीवर फूल तिसऱ्यांदा खोडणार होते. एक्सेलमध्ये काढलं आत्ता, १७ बाय २१, मधे पाच पांढऱ्या बिया टाकल्यात. नमुना ये-जा करूनच विणला होता, गोल सुईवर परत घेते. टाचेचं आणि लोकरीचं कुणीतरी सांगा.

राईनकाठी (जर्मनी)

मी मूळची बार्शीची, इकडं येऊन बरीच वर्षं झाली आणि इथं मोजे विणणं हा घरोघरचा उद्योग आहे. लोकर सोलापुरात शोधत बसू नका, भावालाच आणायला सांगा. इथं मोज्यासाठीच वेगळी लोकर मिळते, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅमच्या गुंडीत साधारण ४२० मीटर. एका जोडाला एकरंगी असेल तर १०० ग्रॅम पुरते, दोन रंगात प्रत्येकी १०० घ्या म्हणजे टाचेसाठी पुढंमागं उरते. नायलॉन झिजू देत नाही आणि लोकर ओल शोषते, स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल घेऊनही हाताला ओली लागत नाही. अॅक्रिलिक तसं नाही, बुटात पाय घामेजतो आणि मग गार पडतो, इथल्या थंडीत तेच वाईट. लोकर बदलली की नमुना मात्र नव्यानं, ३२-४० येतंय का बघायचं, दोन ओळींचा फरक पडला तरी फुलाची उंची परत मोजा. सुईचं लक्षात ठेवा, आपल्याकडच्या १२ नंबरची सुई म्हणजे २.७५ मिमी आणि १३ नंबर म्हणजे २.२५, नंबर वाढला की सुई बारीक. इथं मधली २.५ पण मिळते, आपल्या नंबरात ती नाहीच.

सुतावर पंचकार्ड दादांशी मी सहमत आहे, पण सुती मोजे होतच नाहीत असं कुणी समजू नये. इजिप्तमध्ये निळ्या-पांढऱ्या नक्षीचे सुती मोजे सापडलेत, साधारण ११ व्या ते १४ व्या शतकातले, आणि हे आपण बोलतोय तसंच दोन रंगांचं गोल विणकाम आहे. ती वीण फार घट्ट आणि बारीक आहे, म्हणून टिकली. सोलापुरात स्वतःला घालायचे असतील तर विणकामाचं मऊ सूत घेऊन जरूर करा.

रंगाबद्दल एक. मरून आणि पांढरा छान उठतात, पण तिसरा रंग घालायचा विचार असेल तर लोकरी शेजारी ठेवून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर विणल्यावर फूल हरवणार, डोळ्याला कितीही वेगळे वाटू देत. आणि मरून धागा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा, रंग सुटतो का ते आधी कळू दे.

फुलाचा रंग ज्या हातात धरलाय तोच शेवटपर्यंत त्याच हातात. मागून जाताना जो धागा खाली राहतो त्याचे टाके जरा मोठे आणि पुढे आलेले दिसतात, म्हणून फुलाचा धागा खाली, जमिनीचा म्हणजे फुलामागच्या रंगाचा वर. मधेच अदलाबदल झाली तर एक फूल ठळक आणि एक फिकं.

टाचेला मी पट्टीची टाच करते, मागच्या ३६ टाक्यांवर एक टाका न विणता सरकवून एक विणून जाड पट्टी, मग वळण, मग बाजूचे टाके उचलायचे. उंच पावलाला हीच बसते.

लोकरवेडी

पट्टीची टाच बसते चांगली हे खरं, पण बाजूला जे टाके वाढतात तिथं तळव्याची नक्षी मोडते आणि ताईंना नक्षी अखंड पाहिजे. मी म्हणेन मागाहून घालायची टाच करा. घोट्यापर्यंत आलात की मागचे ३६ टाके एका वेगळ्या रंगाच्या फालतू धाग्यानं विणा, ते परत डाव्या सुईवर सरकवून नेहमीच्या धाग्यानं नक्षीत विणा आणि जणू काही झालंच नाही असं पुढं चवड्याकडं चला. शेवटी तो धागा उसवला की वर-खाली मिळून ७० च्या आसपास मोकळे टाके मिळतात, कडांना एखादा-दुसरा टाका उचलून ७२ करा, चार-पाच ओळी सरळ विणा, मग चवड्यासारखे दर एक ओळ सोडून चार टाके कमी करत जा आणि उरलेले सुईनं शिवून जोडा. त्या चार-पाच सरळ ओळी विसरू नका, उंच पावलाला जागा त्यातूनच मिळते, राईनकाठी ताईंची अडचण तिथं सुटते.

पावलाची लांबी काढताना टाचेचे ५ आणि चवड्याचे ५ सेंमी आधीच वजा करायचे.

आणि मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे टाच झिजली की तेवढीच उसवून नवीन घालता येते, फुलांना हात लावावा लागत नाही. भाऊ सुट्टीला आला की सोलापुरात बसून टाच बदलून देता येईल.

वरून खाली विणणार असाल तर ग्राफ वरून खाली वाचा, नाहीतर फुलाचा देठ गुडघ्याकडं जाईल. ओळ जिथं सुरू होते ती जागा पोटरीच्या मागच्या बाजूला, मधल्या फुलाच्या शेजारच्या मोकळ्या एक टाक्याच्या रेघेवर येऊ द्या, गोल विणताना तिथं एक पायरी पडतेच, ती रेघेत लपते. सुया कोणत्या वापरताय, चार की गोल?

सुलटउलट

आईच्या चार सुया आहेत १३ नंबरच्या, त्या टाचेला आणि काठाच्या वरच्या पट्टीला वापरते, पोटरीला गोल सुई. भावाला मेसेज केलाय, तिरका घेर ३३ निघाला आणि आमचं ३२-४० चं कापड ताणून ३१ पर्यंतच जातंय. म्हणून पोटरीला ३ मिमीची सुई मागवलीय. दादा, करवती काठाचा दात ६ टाक्यांचा, त्याला उंची किती देऊ?

पंचकार्ड

लुगड्याचा दात उभा आणि टोकदार असतो, बसका बरा दिसत नाही. ६ टाक्यांना सव्वापटीनं साडेसात ओळी होतात, तो नुसता सारख्या उंचीचा झाला. तुम्ही ९ किंवा १० द्या. तळाला ५ घरं भरलेली आणि १ मोकळं अशा ५ च्या दोन ओळी, ३ च्या तीन, १ च्या चार, बरोबर ९ होतात आणि टोक मधल्या घरावर येतं. ३ मिमीच्या सुईवर टाके मोठे होतील, तेव्हा काठ विणायच्या आधी त्या सुईवरचं टाके-ओळींचं माप इथं टाका, प्रमाण बदललं असेल तर ओळी परत मोजून देतो.

सुलटउलट

टाकते. लोकर पोस्टानं यायची आहे, तोपर्यंत अॅक्रिलिकवरच ३ मिमीचा गोल नमुना घेऊन ठेवते.