लायडारने खोली स्कॅन केली, पण भिंत दुहेरी येते आणि माप ७ सेंमी जास्त भरतं

मांडणी यांचा प्रश्न:

फोन आयफोन १३ प्रो. एका खोलीत भिंतीच्या कोनाड्यात बसणारं कपाट करायचं आहे, म्हणून आधी फोनमधल्या लायडारने (प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर) खोली स्कॅन करून आराखडा काढला. टेपने खोली ५.४० मीटर बाय ३.६० मीटर भरते. स्कॅनमध्ये ती ५.४७ बाय ३.६३ येते. ॲप बदलून पाहिलं, फारसा फरक नाही.

१. ३.६० मीटरची एक भिंत दुहेरी दिसते. एकामागे एक दोन थर, मध्ये ६-७ सेंमीची फट. स्कॅन त्याच भिंतीपासून सुरू केला होता आणि शेवटी कोपरे राहिलेत असं वाटून तिच्यावरून पुन्हा फोन फिरवला होता.
२. आरशाच्या मागे आणखी एक खोली तयार झाली आहे. काळ्या टीव्हीच्या जागी भोक आहे.
३. त्याच फोनने ४ सेंमी व्यासाचा एक प्लास्टिकचा नॉब स्कॅन केला, थ्रीडी प्रिंट करायचा म्हणून. कडा मेण वितळल्यासारख्या येतात.
४. अँड्रॉइडवर हे काम नीट करणारा फोन आहे का?

माप सुधारायचं कसं आणि कपाटासाठी त्यावर कितपत विसंबायचं?

---

स्केलबार:

टेपचं माप हाताशी आहे ना, मग मॉडेलला गुणक लावा. ५.४० भागिले ५.४७ म्हणजे ०.९८७. क्लाउडकंपेअर किंवा ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये पूर्ण मॉडेल तेवढ्याने लहान करा. लांबी लगेच जुळेल.

---

बिंदुरेखा:

स्केलबार, इथे गुणक लावू नका. चूक स्केलची असती तर दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात वाढल्या असत्या. ५.४० चे ५.४७ झाले म्हणजे १.३ टक्के, ३.६० चे ३.६३ झाले म्हणजे ०.८ टक्के. तुमच्या गुणकाने लांबी जुळेल, पण रुंदी ३.५८ होईल, म्हणजे आता २ सेंमी कमी.

मांडणी, दुहेरी भिंतीतली फट ६-७ सेंमी आणि लांबीतली चूकही ७ सेंमी, हा योगायोग नाही. ॲपने बाहेरचा थर भिंत म्हणून धरला आहे. मॉडेलचा आडवा छेद घेऊन आतल्या थरापर्यंत मोजा, ५.४० च्या आसपास आकडा मिळायला हवा. रुंदीतले ३ सेंमी मात्र या सेन्सरकडून नेहमी येणारी चूक आहे.

दोन थर का पडतात हे कळलं की उपाय आपोआप सुचतो. लायडार फक्त ‘फोनपासून समोरचा बिंदू किती लांब’ एवढंच सांगतो. फोन स्वतः खोलीत कुठे आहे, हे कॅमेऱ्याच्या चित्रातल्या खुणा आणि गायरो-ॲक्सिलरोमीटर यांच्यावरून ठरतं. कोऱ्या रंगाच्या भिंतीसमोर कॅमेऱ्याला धरायला खूण मिळत नाही, फोन झटकन वळवला की चित्र धूसर होतं, आणि मग प्रत्येक पावलागणिक थोडी थोडी चूक साठत जाते. खोलीची फेरी पूर्ण करून तुम्ही पहिल्या भिंतीपाशी आलात तेव्हा फोनच्या हिशेबात तुम्ही ७ सेंमी सरकलेले होता. त्याने तीच भिंत नव्या जागी पुन्हा रचली.

पुन्हा स्कॅन करताना:

तिन्ही लेन्स आणि लायडारचा काळा ठिपका पुसून घ्या. कव्हरची कड त्यावर येत नाही ना ते बघा. दिवे लावा, पडदे उघडा, दारं बंद करा, नाहीतर बाहेरचा पॅसेजही मॉडेलमध्ये शिरतो. ॲपलच्या रूमप्लॅन या खोली स्कॅन करणाऱ्या सोयीसाठी किमान ५० लक्स उजेड, जास्तीत जास्त ९ बाय ९ मीटरची खोली आणि एका वेळी ५ मिनिटांच्या आत स्कॅन, असं ॲपलनेच सांगितलं आहे. वेळेची मर्यादा खरंच पाळा. फोन तापला की फ्रेम गळतात आणि ट्रॅकिंग, म्हणजे फोनची जागा ओळखणं, सुटतं.

कोऱ्या भिंतींवर मास्किंग टेपच्या फुल्या किंवा छापील कागद चिकटवा, दर मीटर-सव्वा मीटरला एक. सगळ्यांचं अंतर आणि तिरकेपणा वेगळा ठेवा, कारण एकसारखी नक्षी ट्रॅकिंगला फसवते.

सुरुवात सामान असलेल्या कोपऱ्यातून करा. भिंतीपासून दीड ते अडीच मीटरवर राहा, फोन छातीच्या उंचीवर धरा आणि खेकड्यासारखं आडवं चाला, एक मीटरला तीन-चार सेकंद. खोलीच्या मध्यभागी उभं राहून स्वतःभोवती गिरकी घेणं ही सर्वांत मोठी चूक. नुसत्या वळण्याने कॅमेऱ्याला अंतराचा अंदाज येत नाही, त्यासाठी पाय हलायला हवेत.

फेरी एकच. शेवटी सुरुवातीच्या भागावर मीटरभर ओव्हरलॅप द्या आणि थांबा. ज्या ॲपमध्ये लूप क्लोजर (सुरुवातीची जागा पुन्हा ओळखून जोडणं) आहे ते याच ओव्हरलॅपवरून साठलेली चूक मागे वाटून टाकतं. राहिलेला कोपरा आठवला तरी पुन्हा त्या भिंतीवर जाऊ नका, त्यापेक्षा स्कॅन पहिल्यापासून करा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जमिनीवर टेपने बरोबर ३.००० मीटर अंतरावर फुल्यांच्या दोन जोड्या मारून ठेवा, एक लांबीच्या दिशेने, एक रुंदीच्या. स्कॅनमध्ये त्या मोजा. दोन्हीकडे सारखाच फरक आला तर स्केल, वेगवेगळा आला तर ड्रिफ्ट, म्हणजे चालताना साठत गेलेली चूक.

---

किरणमार्ग:

आरसा आणि टीव्हीबद्दल. सेन्सर अवरक्त प्रकाशाची स्पंदनं सोडतो आणि ती परत यायला लागलेला वेळ मोजतो. एका नॅनोसेकंदाला १५ सेंमी अंतर, म्हणजे १ सेंमीचा फरक ओळखायला सुमारे ६७ पिकोसेकंद. आरशावर पडलेला किरण समोरच्या भिंतीवर जाऊन त्याच वाटेने परत येतो. वेळ जास्त लागला म्हणून वस्तू लांब आहे असा फोनचा समज होतो आणि आरशामागे खोली उभी राहते. आरशावर जुनी वर्तमानपत्रं चिकटवा, छपाई असल्याने ट्रॅकिंगलाही मदत होते. टीव्हीचा चकचकीत काळा पडदा बराच प्रकाश शोषतो आणि उरलेला भलतीकडे फेकतो, परत फार थोडा येतो. तिथे चादर टाका. काचेतून किरण आरपार जातो, म्हणून खिडकीलाही कागद हवाच.

दाराच्या चौकटीच्या कडेला हवेत तरंगणारे बिंदू दिसतील. निम्मा किरण चौकटीवर, निम्मा मागच्या भिंतीवर पडला की मधलंच काहीतरी अंतर निघतं. ॲपमध्ये कॉन्फिडन्सची (मापाच्या खात्रीची) सेटिंग असेल तर ‘लो’ वगळा, आणि रेंज ५ मीटरवरून ३ मीटरवर आणा. निम्मा कचरा तिथेच जातो.

नॉबचं गणित सोपं आहे. ॲपलच्या एआरकिट या सॉफ्टवेअरमधला डेप्थ मॅप, म्हणजे अंतरांचा नकाशा, २५६ बाय १९२ पिक्सेलचा असतो, पण प्रत्यक्षात सेन्सर एका वेळी ५७६ ठिपकेच टाकतो, आडवे साधारण २४. मधल्या जागा रंगीत चित्राच्या आधाराने भरून काढलेल्या असतात. दृष्टिक्षेत्र ६० अंश धरलं तर ३ मीटरवर दोन ठिपक्यांमध्ये १४ सेंमी अंतर पडतं, ३० सेंमीवर सुमारे दीड सेंमी. म्हणजे तुमच्या ४ सेंमीच्या नॉबवर एका वेळी जेमतेम सात-आठ ठिपके. कड नेमकी कुठे संपते हे सेन्सरला दिसतच नाही, म्हणून ती वितळते. २०२१ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आलेल्या अभ्यासातही आयफोन १२ प्रोची ±१ सेंमी अचूकता १० सेंमीपेक्षा मोठ्या बाजू असलेल्या वस्तूंसाठीच दिली आहे. डेन्मार्कमधल्या १३० मीटर लांबीच्या समुद्रकड्यासाठी तीच ±१० सेंमी होती.

लहान वस्तूला फोटोग्रामेट्री, म्हणजे अनेक फोटोंवरून थ्रीडी मॉडेल काढणं, वापरा. वस्तूभोवती तीन उंचींवरून ६० ते १२० फोटो, शेजारच्या दोन फोटोंत ७०-८० टक्के भाग सामाईक, उजेड पसरलेला, फ्लॅश बंद. चकचकीत प्लास्टिकवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, कारण नुसत्या फोटोंना स्केल कळत नाही. पण नॉबसाठी खरं सांगायचं तर व्हर्नियर कॅलिपर घ्या, व्यास, उंची आणि दांड्याच्या डी-आकाराच्या भोकाची मापं काढा आणि कॅडमध्ये (मापं टाकून आकार काढायचा प्रोग्राम) नवा बनवा. भोकाची आतली बाजू कुठल्याही स्कॅनमध्ये नीट येत नाही, आणि नॉब बसणार आहे तो त्या भोकावरच.

---

फोकस_तीन:

अँड्रॉइडचं थोडक्यात. सुरुवात खरं तर तिकडेच झाली होती. गुगलच्या अंतर ओळखणाऱ्या टँगो प्रणालीवर लेनोवो फॅब २ प्रो २०१६ मध्ये आणि आसूस झेनफोन एआर २०१७ मध्ये आला, पण टँगो मार्च २०१८ मध्ये बंद झालं. पुढे हुआवे पी३० प्रो, सॅमसंग नोट १०+ आणि एस२० अल्ट्रा यांत टाइम-ऑफ-फ्लाइट (प्रकाश परतायच्या वेळेवरून अंतर मोजणारे) सेन्सर होते. सॅमसंगने एस२१ पासून तो काढून टाकला. आज बहुतेक फोनमध्ये कॅमेऱ्याशेजारी जो काळा ठिपका दिसतो तो लेझर ऑटोफोकस असतो. फोकससाठी समोरचं अंतर तो देतो, पण त्याने खोली स्कॅन होत नाही. विकत घेताना यातच गल्लत होते.

गुगलच्या एआरकोअर या सॉफ्टवेअरचं डेप्थ फीचर सेन्सरशिवाय, फोन हलवताना बदलणाऱ्या चित्रावरून वस्तूंचं अंतर काढतं. अर्धा ते ५ मीटरमध्ये ते बरं चालतं, पण कोऱ्या भिंतीपुढे ढेपाळतं. आयफोनमध्येही लायडार फक्त प्रो मॉडेलमध्ये, १२ प्रोपासून. पुढच्या कॅमेऱ्याचा ट्रूडेप्थ वेगळा. तो ३०,००० हून अधिक ठिपक्यांचा साचा टाकतो, त्यामुळे चेहरा किंवा पाऊल हातभर अंतरावरून लायडारपेक्षा बारीक येतं.

---

मांडणी:

फुल्या, वर्तमानपत्रं आणि एकच फेरी. आता ५.४१ बाय ३.६१ आलं, भिंत एकच दिसते. जमिनीवरच्या दोन्ही ३.००० मीटरच्या खुणा ३.०१ भरतात. सगळ्यांचे आभार. मग हा आराखडा सुताराला दिला तर चालेल?

---

बिंदुरेखा:

दोन्ही दिशांना सारखाच फरक, म्हणजे आता उरलेली चूक स्केलची आहे. स्केलबार यांचा गुणक आता लावा: ३.००० भागिले ३.०१.

तरीही सुताराला हा आराखडा मांडणीपुरता द्या. कपाट कुठे, दार कुठे उघडतं, खिडकी आड येते का, एवढं त्यावरून ठरवा. कापायची मापं त्यातून घेऊ नका. मजल्याचा आराखडा देणारी ॲपं भिंतीला सपाट, ओळंब्यात उभा आयत मानतात, त्यामुळे पोट आलेली भिंत त्यात सरळच दिसते.

कोनाड्याची रुंदी टेपने सहा ठिकाणी घ्या: तळाशी, मध्ये आणि वर, तिन्हीकडे पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला. सर्वांत लहान माप धरा, त्यातून दोन्ही बाजूंना ५-५ मिमी सोडा, फट पट्टीने झाकता येते. ओळंबा सोडून वर आणि खाली भिंतीपासून दोरीचं अंतर मोजा. खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. ५.४० बाय ३.६० ची खोली गुण्यात (कोपरे काटकोनात) असेल तर दोन्ही ६.४९ भरतील. दोहोंत ३ सेंमी फरक आला, तर ३.६० ची भिंत गुण्यातून सुमारे १.८ सेंमी सरकलेली आहे. कपाट त्या भिंतीला टेकणार असेल तर मागची फळी रंध्याने तेवढी तिरकी घ्यावी लागेल, आणि हे सुताराला फळ्या कापण्याआधी माहीत असायला हवं.