गरोदरपणाचा खुराक लग्नापासूनच सुरू करावा का?

गिरणगावकर
आपल्याकडे पोटुशीचे लाड सातव्या महिन्यात, हिरवी साडी नेसवून. दवाखान्यात नाव घालतात तेही बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. बाळाच्या मज्जारज्जूची नळी मात्र पहिल्या चारेक आठवड्यांतच मिटते, त्यामुळे ती नीट मिटायला मदत करणाऱ्या फोलिक ॲसिडचा खरा उपयोग दिवस राहण्याआधीपासून. मुंबईच्या वस्त्यांत २००६ साली सुरू झालेला 'सरस' प्रयोग याच विचाराचा. साडेसहा हजार बायका. अर्ध्यांना रोज पालेभाजी, फळं, दूध घातलेला पदार्थ, बाकीच्यांना कांदा-बटाट्याचा. ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पौष्टिक पदार्थ खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. लग्नाची नोंदणी झाली की खुराक सुरू, असं का नको?

आकडेमोड
सोयीचा आकडा उचललात. सगळ्या बायका धरल्या तर फरक २६ ग्रॅमचा, आणि तो योगायोगानेही पडू शकतो. शिवाय सगळ्यात हडकुळ्या आयांच्या बाळांना फायदा दिसलाच नाही. दिसला तो अंगाने बऱ्या असलेल्यांना. मग योजना कुणासाठी?

गिरणगावकर
उशिरा सुरू करणाऱ्यांना धरून सरासरी काढली तर ती खाली येणारच. आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं काय? कांदा-बटाटावाल्यांत १२.४ टक्के, पालेभाजीवाल्यांत ७.३. हा फरक किरकोळ आहे?

आकडेमोड
किरकोळ नाही, पण प्रयोगाचा मुख्य प्रश्न बाळाच्या वजनाचा होता. मधुमेहासाठी वेगळा प्रयोग करा, मग बोलू.

विरारलोकल
ग्रॅमचं चालू द्या तुमचं. लग्नाचा हॉल सोडत नाही तोवर 'गोड बातमी कधी?' सुरू होतं, त्यात आता सरकारी लाडू दारात! ज्या मुलीला दोन वर्षं मूल नकोय तिने सासूला काय सांगायचं? आणि डबा घरी आला की आधी दीर, मग मुलं, उरलं तर ती. त्या प्रयोगात म्हणूनच केंद्रावर बोलावून समोर खायला लावत. चार घरची धुणीभांडी करणारी रोज केंद्रावर जाणार कधी?

रात्रपाळी
मी नवजात विभागात काम करते. पैसा मोजकाच असेल तर तो इथे घाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना, ती स्थिरावायची वाट न बघता, जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवलं. पाच देशांतला प्रयोग, त्यात दिल्लीचं सफदरजंग होतं, निकाल २०२१ चा. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांऐवजी १२ टक्के. औषध नाही, यंत्र नाही. फक्त बाळाच्या विभागातच आईला खाट हवी, आणि बऱ्याच ठिकाणी तीच नसते. आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या.

गिरणगावकर
रात्रपाळीताई, खाट हवीच. पण ते बाळ १.८ किलोचं जन्मू नये म्हणून कुणी काही करायचं की नाही? विरारलोकल, लग्नाशी जोडू नका हे पटलं. अठरा वर्षांवरच्या कुठल्याही मुलीला मिळू दे, अंगणवाडीत, कॉलेजात, कामाच्या जागी.

विरारलोकल
असं असेल तर माझी हरकत नाही. खिचडी ठेवा, लाडू नको. लाडू पर्समधून घरी जातो.

आकडेमोड
हरकत माझी आहे. हडकुळ्या बाईला पालेभाजीची वडी पुरली नाही, हे याच शहरात दिसलंय. डाळ, तेल, अंडं वाढवून आधी दोन-तीन वॉर्डांत तपासा, मग अख्ख्या मुंबईचं बघू.