मदत हवी आहे: मोठी फाइल टाकली की हार्ड डिस्क मध्येच गायब होते

मंडळी, सांगलीत विश्रामबागला माझं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे. जुन्या लॅपटॉपची १ टीबीची डिस्क यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून वापरतोय. फोटो बिनबोभाट जातात. व्हिडिओ टाकला की निम्म्यात 'टुडुंग' वाजतं आणि ड्राइव्ह गायब. परत लावली तर फाइलचं नाव दिसतं, पण उघडत नाही.

फॉरमॅट एनटीएफएस आहे, त्यामुळे फॅट-३२ फॉरमॅटसारखी ४ जीबीपेक्षा मोठी फाइल न घेण्याची अडचण नाही. डिस्कमधून टिकटिक आवाज नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा) शून्य, पण सीआरसी एररचा (डेटा ये-जा करताना होणाऱ्या चुकांचा) आकडा वाढतोय. माझ्या समजुतीने हा दोष डिस्क आणि केसिंगच्या सर्किटमधल्या जोडणीचा असावा. पण कॉम्प्युटरच्या पुढच्या यूएसबी २.० पोर्टला ५०० मिलिअँपिअरच मिळतात, मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टला ९००, आणि तिथे ती जरा जास्त टिकते! मग पॉवरचा घोळ म्हणायचा का?

दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारा. हे म्हणजे कशावरही सलाईन लावण्यासारखं.

आधी केसिंग बदलू की पॉवरवाला (स्वतःचा अडॅप्टर असलेला) यूएसबी हब घेऊ? आणि सांगली-मिरजेत बरं केसिंग कुठं मिळेल? डेटा दुसरीकडे उतरवलाय, तेव्हा काहीही करून बघायला हरकत नाही.