क्रूनर पडद्यावर ‘दिसतो’ की ‘गातो’?

गंगापूर रोड : आमचा नाशिकमधल्या जुन्या रेकॉर्डी ऐकणाऱ्यांचा एक गट आहे. पुढच्या बैठकीत अमेरिकन गायक-नट फ्रँक सिनात्रा ऐकायचा आणि पाहायचाही, असं ठरलंय. सोबत वाटायला एक पानी टिपण करतोय आणि मथळ्यातच अडलोय. इंग्रजीत आहे ‘पॉप्युलर क्रूनर : फिल्म अपिअरन्सेस अँड टेलिव्हाइज्ड कॉन्सर्ट्स’. (क्रूनर म्हणजे माईकवर हळुवार गाणारा.) मी केलं : ‘लोकप्रिय गुणगुणगायकाची चित्रपटांतील हजेरी व दूरदर्शनवरील मैफली’. सौ. म्हणाली, हे वाचून जो यायचा तोही येणार नाही. सुचवा काहीतरी.

सिडको : वहिनींशी सहमत. गुणगुणगायक म्हटलं की मला डास आठवतो.

पंचवटी : डास सोडा, पण ‘गुणगुणणे’ इथे खरंच चालणार नाही. माणूस गुणगुणतो तो स्वतःशी, भाजी निवडताना, स्कूटर पुसताना. समोर श्रोता असावा अशी त्यात अपेक्षाच नसते. क्रूनरचं सगळं कसब श्रोत्यासाठी असतं. हा माणूस फक्त माझ्यासाठी गातोय, असं त्या एकेकाला वाटलं पाहिजे.

मूळ शब्द स्कॉटिश बोलीतून इंग्रजीत आला. हळू आवाजात गाणं, बाळाला निजवताना म्हणतात तसं. गायकांना तो चिकटला १९२०च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्यामागे यंत्र आहे. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागे, नाहीतर तबकडीवर काही उमटतच नसे. मायक्रोफोन आला आणि कुजबुजसुद्धा मुद्रित होऊ लागली. तिकडचा गायक रुडी व्हॅली तर सुरुवातीला हातात भोंगा धरून गायचा, कारण त्याचा आवाज मुळात छोटा. मग बिंग क्रॉस्बीनं माईकशी बोलल्यासारखं गाणं घराघरांत नेलं. तेव्हा हा शब्द कौतुकाचा नव्हता बरं का. १९३२ मध्ये बॉस्टनच्या कार्डिनलनी, म्हणजे तिथल्या मोठ्या कॅथलिक धर्मगुरूंनी, या गाण्यावर जाहीर टीका केली होती. हे बायकी, अधःपतित गाणं आहे असं त्यांचं मत.

आपल्याकडे याचं उलट टोक म्हणजे नाट्यसंगीत. शेवटच्या रांगेपर्यंत माईकशिवाय पोचायचं, म्हणजे आवाजाला ‘फेक’ हवी. ही फेक ज्याला लागत नाही तो क्रूनर. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा ‘भावगीतगायक’. तोही रेडिओ आणि तबकडीच्या जोरावरच वाढला. पण गजाननराव वाटवे गणेशोत्सवात चौकाचौकांत पेटी घेऊन गात आणि गर्दी शब्द न् शब्द ऐकत बसे, म्हणजे तिथंही सांधा पुरता जुळत नाही. शिवाय भावगीत म्हटलं की कविता आधी आणि गायक नंतर. सिनात्राला भावगीतगायक म्हटलंत तर लोक कवी कोण ते विचारतील. मी ‘क्रूनर’च ठेवीन आणि पहिल्या ओळीत लिहीन : ‘माईकमध्ये, कुणाच्या कानाशी बोलल्यासारखा हळुवार गाणारा’.

देवळाली कॅम्प : वेगळी माहिती. आमच्या लहानपणी क्लबात बँडपुढे उभं राहून इंग्रजी गाणी म्हणणाऱ्या बाईला क्रूनर म्हणायचे. आवाज हळू असायलाच हवा असं काही नव्हतं. मुंबई-गोव्याकडे अजूनही तोच अर्थ आहे. ख्रिस पेरींच्या बँडपुढे गाणाऱ्या लोर्ना कॉर्देरो काय हळू गायच्या? त्यामुळे टिपणात नुसतं ‘क्रूनर’ लिहिलंत तर आमच्या वयाचे लोक हॉटेलातली गायिका समजतील.

पंचवटी : हा मुद्दा चांगला आहे, काका. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांनी तर शब्द आणखीच सैल केलाय, हल्ली कुठल्याही पार्श्वगायकाला क्रूनर म्हणतात. म्हणूनच ती स्पष्टीकरणाची ओळ हवी. आणि गंमत अशी की सिनात्रा स्वतःला ‘सलून सिंगर’ म्हणवून घेई. सलून म्हणजे तिकडचा मद्याचा गुत्ता. ते जसंच्या तसं मराठीत आणू नका, लोकांना वाटेल दाढी करता करता गायचा.

नाशिकरोड : क्रूनरवर एवढा खल झाला, पण मथळ्यातली खरी खाच ‘अपिअरन्स’मध्ये आहे. तिकडे कोणी बघतच नाहीये.

‘गायकाची चित्रपटांतील हजेरी’ वाचल्यावर मराठी माणसाच्या डोक्यात काय येतं? पार्श्वगायन. १९३५च्या सुमारास कोलकात्याच्या न्यू थिएटर्स या चित्रपटसंस्थेनं गाणं वेगळं मुद्रित करून ओठ हलवायला दुसऱ्याला उभं करायला सुरुवात केली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे गायक पडद्यामागे गेला तो कायमचा. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर इथं जन्मले, १९२१ साली. ‘बैजू बावरा’त (१९५२) त्यांची आणि अमीर खाँची जुगलबंदी आहे. पण दिसतात कोण? पलुस्करांच्या आवाजावर भारतभूषण, आणि तानसेन म्हणून सुरेंद्र. हा सुरेंद्र स्वतः गाणारा नट! ‘अनमोल घडी’त (१९४६) स्वतःच्या गळ्यानं गायलेला माणूस इथं खाँसाहेबांच्या तानांवर ओठ हलवतोय. आता सांगा, त्या चित्रपटात पलुस्करांची ‘हजेरी’ आहे की नाही? मराठीत आहे म्हणतील. इंग्रजीतल्या ‘अपिअरन्स’च्या अर्थानं मुळीच नाही.

सिनात्राचं प्रकरण बरोबर उलटं. तो अंगानं पडद्यावर आहे, आणि कधी कधी गळ्यानं नाही. ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’साठी (१९५३) त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, त्यात तो एकही गाणं गात नाही. ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’मध्ये (१९५५) व्यसनात अडकलेल्या, वादक होऊ पाहणाऱ्या माणसाची भूमिका, तिथंही गात नाही, त्यासाठी मुख्य अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन. क्रॉस्बीला तर मुख्य भूमिकेचं ऑस्करच मिळालं होतं, १९४४च्या चित्रपटासाठी. म्हणजे हे लोक गायक म्हणून बोलावलेले पाहुणे नव्हते, नट होते. आपल्याकडे तोलायचं तर सैगल, किंवा गाऊन वर नायकही झालेला तलत महमूद. तेव्हा ‘हजेरी’ नको. ती मंदिरात नाहीतर गुरूंच्या पुण्यतिथीला लावतात, एक चीज गाऊन उठायचं. सरळ ‘भूमिका’ लिहा. ‘सहभाग’ तर अजिबात नको, तो प्रमाणपत्रावर शोभतो.

सिडको : ‘पडद्यावरील दर्शन’?

नाशिकरोड : दर्शन काळारामाचं. रांगेत उभं राहून.

इंदिरानगर : ‘दूरदर्शनवरील मैफली’ मात्र आधी खोडा, सर. दूरदर्शन हे आपल्या वाहिनीचं नाव झालंय. वाचणाऱ्याला वाटेल सिनात्रा वरळीच्या केंद्रात येऊन गायला. ‘दूरचित्रवाणी’ बरोबर आहे पण तोंडात बसत नाही. ‘टीव्ही’ लिहिलं म्हणून कोणाची मराठी बाटत नाही.

आणि तिथं दोन वेगळे प्रकार आहेत, ते एका शब्दात कोंबू नका. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर सिनात्राचा ‘अ मॅन अँड हिज म्युझिक’ झाला तो टीव्हीसाठीच बसवलेला, मुद्रित कार्यक्रम. दोन वर्षांनी त्याच नावाच्या कार्यक्रमात गायिका एला फिट्झजेराल्ड आणि ब्राझीलचा संगीतकार जोबिम सोबत होते. हे ‘टीव्हीवरचे गाण्याचे कार्यक्रम’. पण १३ ऑक्टोबर १९७४ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉक्सिंगच्या आखाड्यासारख्या चौथऱ्यावर, चारही बाजूंना प्रेक्षक, असा तो गायला आणि एबीसी वाहिनीनं ते थेट दाखवलं. ही ‘थेट प्रक्षेपित झालेली कॉन्सर्ट’. तिला मैफल म्हणवत नाही माझ्यानं. मैफल म्हणजे गाणाऱ्याला पहिल्या रांगेतल्यांच्या माना हललेल्या दिसल्या पाहिजेत.

पंचवटी : पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला आपण मैफलच म्हणतो की. तिथं मागच्यांना गायक तरी कुठे दिसतो?

इंदिरानगर : म्हणतो, कारण गाणं मैफलीचं असतं. आखाडा उभारून, बॉक्सिंगच्या थाटात निवेदन करून केलेल्या गाण्याला नाही म्हणणार.

देवळाली कॅम्प : ‘जलसा’ म्हणा मग. पूर्वी गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमाला जलसाच म्हणत.

सिडको : आजोबा, आमच्या पिढीला जलसा म्हटलं की अमिताभचा बंगला.

गंगापूर रोड : सर्वांचे आभार. सध्या असं केलंय : ‘क्रूनर फ्रँक सिनात्रा : पडद्यावरच्या भूमिका, टीव्हीवरचं गाणं’. खाली पंचवटीकरांची ओळ आणि काकांसाठी ‘इथे हॉटेलातील गायिका अभिप्रेत नाही’ अशी टीप. १९७४च्या कार्यक्रमाला मात्र आतल्या मजकुरात कॉन्सर्ट ठेवतोय. फक्त एक सांगा, तो कॉन्सर्ट की ती कॉन्सर्ट?

नाशिकरोड : ती. मैफलीवरून आली.

इंदिरानगर : माझा मुलगा तो म्हणतो. कार्यक्रमावरून.