मदत हवी आहे : कुटुंबाची घुसमट दाखवणारे थरारपट सुचवा

नमस्कार मंडळी,

दिवाळीत सगळी चुलत भावंडं आमच्याकडे जमतात. रात्रीच्या सिनेमाची निवड यंदा माझ्याकडे आहे.

'दृश्यम' सगळ्यांचा पाहून झालाय, निशिकांत कामतांचा २०१५चा हिंदी आणि जीतू जोसेफ यांचा २०१३चा मूळ मल्याळमही. त्यात खुनापेक्षा मला जास्त धरून ठेवतं ते वडिलांनी बायको-मुलींकडून तीच ती उत्तरं घोटून घेणं. धाकटीच्या चेहऱ्याकडे बघवत नाही हो!

२०११चा 'टेक शेल्टर'ही असाच. वादळाची स्वप्नं पडणारा बाप कर्ज काढून अंगणात जमिनीखाली निवारा बांधतो. मुलीला ऐकू येत नाही, तिच्या ऑपरेशनचा खर्च त्याच्या नोकरीच्या विम्यातून व्हायचा असतो, आणि नेमकी तीच नोकरी जाते. माझ्या मते भुताखेतांपेक्षा हे कितीतरी भीतिदायक आहे.

तर असं, माणसं आतून पिळवटणारं काही सुचवाल का? मराठी असेल तर फारच छान. आईही बसते, तिला रक्तपात सोसत नाही. लहान मुलांचे हाल दाखवलेले असतील तर तेही आधीच सांगा, प्लीज. आणि शेवट मात्र फोडू नका.